चिलखताचे नियम बेतताना

भूमिका-खेळात, म्हणजे पात्रे वठवत फाशांवर खेळायच्या कथाखेळात, चिलखताने वार चुकवायचा की घाव हलका करायचा, हे आधी ठरवावे. हल्लेखोराची बेरीज बचावाच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की वार लागतो; वीस बाजूंच्या फाशावर बचावाचा एकेक अंक वार लागण्याची शक्यता शंभरात 5 ने घटवतो. म्हणून फाशावरच्या आकड्यात 5 ची भर घालणाऱ्या हल्लेखोराला 15 च्या बचावापुढे 55 टक्के, तर 18 पुढे 40 टक्केच संधी उरते. घावातून 2 वजा करण्याचा (पण शून्याखाली न जाण्याचा) नियम वरवर सौम्य वाटतो, परंतु सहा बाजूंच्या एका फाशाची सरासरी 3.5 वरून सुमारे 1.7 वर घसरते आणि कट्यारवाला हिरमुसतो. दोन फासे टाकणाऱ्या परशूवाल्याला मात्र 7 ऐवजी 5 मिळतात. बेळगावच्या आमच्या मंडळींसाठी राजहंसगडाच्या चढणीचा प्रसंग रचताना जड चिलखताला 2 अंकांचा दंड लावला, तेव्हा कुठे एकाने चामड्याचे चिलखत मागितले.