मृग लागायच्या आत घर उघडा

घर आवरायचं ते दिवाळीला, असं सगळे म्हणतात. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात ते जमत नाही. दसऱ्याला सोयाबीन घरात येतं, दिवाळीला वेचलेला कापूस सपरीत पडतो, आणि मागच्या खोलीचं दार उघडायलाही जागा राहत नाही. माझं लग्न १९८९ साली झालं. पहिली कितीतरी वर्षं मीही दिवाळीलाच आवरत होते, म्हणजे एका कोपऱ्यातलं दुसऱ्या कोपऱ्यात ढकलत होते.

आता मी अक्षय तृतीयेनंतर सुरू करते आणि मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आत संपवते. तेव्हा कापूस विकलेला असतो. तूर, चणा, गहू घरात आलेले असतात पण भरायचे असतात. उन्हाला तोटा नसतो, आणि छपराची कवेलू (कौलं) फेरायला माणूस येणार म्हणून माळा तसाही रिकामा करावाच लागतो. कापूस अजून घरात असेल तर आधी त्याचा निकाल लावा. भाव वाढेल म्हणून एका वर्षी आम्ही मे महिन्यापर्यंत ठेवला होता. सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली आणि चुलीची ठिणगी उडेल या धाकानं मला रात्री झोप नसे.

पहिल्या दिवशी निवडायला बसू नका, फक्त बाहेर काढा. सकाळी सहाला लागा, दहाला थांबा. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि कवेलूखालचा माळा नुसती भट्टी असते. नाकातोंडाला दुपट्टा, पायात बूट, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काठी. पोतं असो की लाकूड, आधी काठीनं हलवायचं, मग हात लावायचा. इच्चू पोत्याच्या घडीत बसतो, आणि उंदीर झाले की त्यांच्यामागे साप येतो. मण्यार रात्री फिरते, ती चावलेली झोपलेल्या माणसाला कळतही नाही. म्हणून धान्याच्या खोलीत खाली अंथरूण टाकू नका, बाज घ्या. चावल्याची नुसती शंका आली तरी मांत्रिकाकडे न जाता १०८ ला फोन करा.

अंगणात चार जागा ठरवायच्या. निंबाखाली खायचं, गुरांच्या कोठ्यापाशी शेताचं, ओट्यावर कागद, आणि बाजेवर ते सगळं, जे टाकायला मन होत नाही.

शेताचं आधी घ्या, त्यातही फवारणीचं. उरलेलं तणनाशक मी एकदा थंड्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून भिंतीतल्या देवळीत ठेवलं होतं. नातू तेव्हा तीन वर्षांचा. त्यानं बाटली काढली, झाकण फिरवायला लागला, आणि सुनेनं धावत येऊन ती हिसकली. ती हकीकत सांगताना आजही माझे हात कापतात. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी आमच्या घरात फवारणीचा पंप ज्वारीच्या कोठीशेजारीच उभा राहायचा. इतकी सवय झालेली असते.

आता औषधांना कोठ्यात कुलपाची लोखंडी पेटी आहे, पोरांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. औषध ज्या डब्यात आलं त्याच डब्यात राहील, चिठ्ठीसकट. मुदत संपलेलं वेगळं काढून कृषी सहायकांना विचारायचं. नालीत किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. रिकामा डबा तीनदा विसळायचा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच टाकायचं, मग डब्याला भोकं पाडायची, म्हणजे कोणी त्यात तेल किंवा पाणी भरणार नाही. फवारणीचे कपडेही तिकडेच टांगायचे. औषध चोळून रंग लावलेलं बियाणं उरलं असेल तर तेही याच पेटीत. कितीही धुतलं तरी ते माणसाला चालत नाही, कोंबड्यांनाही टाकू नका.

डवरा, वखराच्या पासा, तिफण, जू, ड्रिपच्या नळ्या यांना फार वेळ लागत नाही. नळ्या गुंडाळून दोरीनं बांधा आणि आड्याला टांगा. खाली ठेवल्या की उंदीर कुरतडतात.

ओट्यावरच्या कागदांशी मात्र सावकाश बसा. ही बैठक संध्याकाळी, घरातले सगळे असताना करायची. आमच्या घरी खरेदीखत गव्हाच्या डब्यात सापडलं होतं, आणि कर्ज फिटल्याचा, म्हणजे बेबाकी दाखला नऊ वर्षं कोणाला दिसलाच नव्हता. जुना सातबारा जपायची गरज नाही, तो ऑनलाइन नवा मिळतो. खरेदीखत, फेरफार, वाटणीपत्र आणि बेबाकी दाखला मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा. पेटीत वाळलेली निंबाची पानं टाका, आणि पेटी दोन विटांवर ठेवा, कारण पावसाळ्यात सारवलेली जमीन ओल धरते.

आवरण्याच्या जोशात एक चूक बाया हमखास करतात, मीही केली आहे. बियाण्याची रिकामी पिशवी कचरा म्हणून चुलीत जाते. एका वर्षी आमचं सोयाबीन उगवलंच नाही. तक्रार करायची तर पिशवी, तिच्यावरचा टॅग, दुकानाचं बिल आणि मूठभर बियाणं लागतं. आमच्याकडे फक्त बिल होतं. तेव्हापासून या चारही वस्तू एका थैलीत घालून पीक निघेपर्यंत खुंटीला टांगलेल्या असतात, आणि ती थैली विचारल्याशिवाय कोणी हलवत नाही.

मग निंबाखालचं. धान्य आत न्यायच्या आधी खोली झाडा, भिंतीतल्या भेगा आणि उंदरांची बिळं काचेचे तुकडे व माती घालून बुजवा, चुना मारा. जुन्या पोत्यांच्या शिवणीत सोंडे असतात, म्हणून पोती उकळत्या पाण्यात बुडवून उलटी-सुलटी वाळवा. फाटक्या पोत्यांचा ढीग ठेवूच नका. धान्याला कडक ऊन द्या आणि गहू दाताखाली कटकन फुटतो का ते बघा. दबला तर अजून वाळवायचा. वाळलं तरी गरम गरम भरू नका. रात्रभर पसरून थंड होऊ द्या, नाहीतर कोठीला आतून घाम सुटतो. पोती फळीवर आणि भिंतीपासून दोन वीत लांब, म्हणजे मागून झाडू फिरतो. अख्खी तूर फार ठेवू नका, तिला भुंगेरा लवकर लागतो. डाळ करून तेलाचा हात लावला की बरी टिकते. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात आणू नका, त्यांचा वायू माणसाचाही जीव घेतो.

डब्यांवर मी खडूनं महिना लिहिते. सरगुंडे, कुरड्या, मुंगवड्या यांचे डबे हाताशी, कारण पाहुणे आले की तेच लागतात.

राहिली बाज. तिच्यावर आमच्या आत्याबाईंचं सामान होतं. आम्ही सुना सासूला आत्याबाई म्हणायचो. मी काही फेकायला काढलं की त्या म्हणायच्या, "राहू दे वं, कामी पडते." म्हणून त्या असेपर्यंत मी त्यांच्या वस्तूंना हात लावला नाही. तुमच्या घरातही म्हाताऱ्या माणसाला बाजेशेजारी बसवा आणि एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या. आत्याबाई गेल्यावर मी पाण्याचे चेपलेले पितळी गुंड मोडीत दिले आणि त्या पैशांत झाकणाच्या दोन कोठ्या घेतल्या. पायली ठेवली, कारण शेजारी उसनं देताना आम्ही अजून तिनंच मोजतो. फुटलेलं जातं तुळशीच्या ओट्यात बसवलं. सागवानी पाळणा माळ्यावर वीस वर्षं पडून होता. तो पुसला, तेल लावलं आणि गावात सांगून ठेवलं, ज्याच्या घरी बाळ येईल त्यानं न्यावा, मोठं झालं की परत आणावा. सध्या तो खालच्या पुऱ्यात आहे, पोरगी दोन महिन्यांची आहे.