उपग्रहाच्या डेटातून कारखान्यांचं प्रदूषण कसं तपासायचं: माहुल ते डहाणू

या कामाला सगळ्यात उपयोगी मोफत उपग्रह म्हणजे युरोपचा सेंटिनेल-५पी. तो रोज दुपारी दीडच्या सुमारास मुंबईवरून जातो आणि त्यावरचं ट्रोपोमी हे उपकरण नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड वगैरे वायू मोजतं. अडचण पिक्सेलची आहे. एक पिक्सेल, म्हणजे नकाशावरचा सगळ्यात लहान चौकोन, साधारण ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या माहुलच्या रिफायनऱ्या, खत कारखाना, ट्रॉम्बेचं वीजकेंद्र आणि ईस्टर्न फ्रीवेवरच्या गाड्या, सगळं दोन-तीन पिक्सेलांत येतं. त्यामुळे नुसत्या या नकाशावरून कुणी एका चिमणीवर बोट ठेवत असेल, तर सोडून द्या.

हात बसवायला आधी डहाणूचं ५०० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र घ्या. आसपास दुसरा मोठा स्रोत नाही. मात्र तिथे धुरातला गंधक काढणारी यंत्रणा आहे, तेव्हा सल्फर डायऑक्साइड शोधत बसू नका, नायट्रोजन डायऑक्साइडच बघा.

डेटा गूगल अर्थ इंजिन या उपग्रह-डेटाच्या ऑनलाइन मंचावर मिळतो. ‘ऑफलाइन’ संग्रह निवडा आणि ट्रोपोस्फेरिक स्तंभाचा बँड (म्हणजे वातावरणाच्या खालच्या थरातल्या हवेच्या उभ्या खांबात किती वायू आहे, तो थर) घ्या. एकूण स्तंभ घेतला तर वरच्या स्ट्रॅटोस्फियरमधला वायूही मोजला जातो. इथे दर्जाची चाळणी आधीच लागलेली असते. कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-डेटाच्या पोर्टलवरून मूळ फाइल उतरवली तर क्यूए व्हॅल्यू (मोजणीच्या दर्जाचा आकडा) ०.७५ पेक्षा जास्त असलेलेच पिक्सेल ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारीची सरासरी काढा. पावसाळ्यात ढगांमुळे हाती फारसं लागत नाही. अनेक वर्षांची तुलना करायची असेल, तर पुनर्प्रक्रिया केलेल्या फाइली कोपर्निकसवरूनच घ्या. २०२० च्या अखेरीस आणि २०२१ मध्ये मोजणीचं सॉफ्टवेअर बदललं, त्यामुळे जुन्या-नव्या फाइली मिसळल्या की प्रदूषण वाढल्यासारखं दिसतं.

खरी चूक होते ती वाऱ्यात. दुपारी समुद्रावरून वारा आत येतो, म्हणजे माहुलचा धूर खाडी ओलांडून वाशी-नेरूळकडे सरकतो. नकाशावरचा गडद डाग तिथे दिसला, की लोक ठाणे-बेलापूर पट्ट्याला दोष देऊन मोकळे होतात. इआरए-५ या हवामानाच्या जुन्या नोंदींच्या मोफत संग्रहातून त्या-त्या दिवशी दुपारी दीडचा वारा काढा. वायव्येकडून वारा आलेले दिवस वेगळे, पूर्वेकडून आलेले वेगळे, आणि दोन्हींची सरासरी शेजारी ठेवा. वाऱ्याबरोबर लांबत जाणाऱ्या शेपटीचं मूळ टोक जिथे अडकून राहतं, स्रोत तिथेच आसपास. रविवारची सरासरीही वेगळी काढा: गाड्या कमी होतात, रिफायनरी चोवीस तास चालूच असते.

फ्लेअरसाठी, म्हणजे रिफायनरीत जाळल्या जाणाऱ्या वायूच्या ज्योतीसाठी, सेंटिनेल-२ या दुसऱ्या उपग्रहाचा बी-१२ हा अवरक्त बँड उघडा. पिक्सेल २० मीटरचा, त्यामुळे ज्योत अगदी कुंपणाच्या आत दाखवता येते. पण ही झाली फक्त ज्योत, वायूचं प्रमाण नव्हे.

कारखान्यांचा रात्री येणारा वास यातल्या कशातच सापडणार नाही. ट्रोपोमीला सूर्यप्रकाश लागतो, आणि बेंझिन, टोल्युइन ते मोजतच नाही. त्यासाठी सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) पोर्टलवरून जवळच्या हवा-मोजणी केंद्राचे ताशी आकडे उतरवा. स्तंभाचं एकक मोल प्रति चौरस मीटर, केंद्राचं मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. दोन्ही एकाच आलेखावर चढवू नका. हे नकाशे प्रदूषणाच्या तक्रारीला जोडताना तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा प्रत्येक चित्राखाली लिहा.