क्लीट्स लवकर झिजतात? आधी डावा बूट उलटा करून बघा

चढावर उभं राहून जोर लावला आणि पाय पेडलमधून सटकला, की आमच्या ग्रुपवर मेसेज येतो, "ताई, पेडलची स्प्रिंग गेली वाटतं." स्प्रिंग सहसा गेलेली नसते. मी म्हणते, डाव्या बुटाच्या तळाचा फोटो टाक. डाव्याच, कारण आपण रस्त्याच्या डाव्या कडेनं सायकल चालवतो आणि सिग्नलला डावा पाय काढून फुटपाथच्या कडेला टेकवतो. पुण्यात कर्वे रस्त्यानं सकाळी आठनंतर परत यायचं म्हटलं तर हे किती वेळा होतं ते सांगायला नको. फोटोत नेहमीचंच दिसतं: डावी क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टनं बसवलेला आणि पेडलमध्ये अडकणारा तुकडा, घासून सपाट झालेली, उजवी अजून बऱ्यापैकी कोरी.

रोड सायकलच्या तीन बोल्टच्या क्लीट्स, म्हणजे शिमानोच्या एसपीडी-एसएल किंवा लूकच्या केओ, प्लास्टिकच्या असतात आणि बुटाच्या तळाबाहेर आलेल्या असतात. पेडल मारताना त्या झिजतात, पण फार सावकाश. खरी झीज होते ती डांबरावर, खडीवर, टपरीसमोरच्या सिमेंटवर चालताना. म्हणून "एक जोड किती किलोमीटर जातो?" या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चालवणाऱ्याची क्लीट वर्षानुवर्षं जाते. तीच क्लीट घालून दर टपरीवर उतरणारा माणूस ती एका हंगामात संपवतो. किलोमीटर मोजू नका, बूट उलटा करा.

झीज कुठे बघायची

शिमानोच्या पिवळ्या क्लीटला पुढे एक आणि मागच्या दोन कोपऱ्यांवर एकेक असे पिवळे तुकडे असतात. ते चालताना पाय घसरू नये म्हणून दिलेले असतात. ते झिजले म्हणून क्लीट लगेच गेली असं नाही. पण पिवळा रंग संपून खालचं काळं प्लास्टिक जमिनीला लागायला लागलं की तिचे दिवस भरत आले म्हणून समजा.

जास्त महत्त्वाच्या जागा दोन: पुढचं नाक, जे पेडलच्या पुढच्या पट्टीखाली अडकतं, आणि मागची कड, जिच्यावर स्प्रिंगचा खटका बसतो. दोन्हींवरून अंगठ्याचं नख फिरवा. नव्या क्लीटची कड काटकोनात असते, नख तिथे अडतं. झिजलेल्या क्लीटची कड गोलावलेली असते आणि नख अलगद घसरून खाली येतं. डाव्या-उजव्या क्लीटवर पाठोपाठ नख फिरवलंत तर फरक न बघताही कळेल. नाक पातळ झालेलं असेल तर पिवळे तुकडे कितीही शाबूत असोत, क्लीट बदला. चढावर पाय वर खेचताना ती तिथूनच सुटणार.

मग बोल्टच्या भोकांभोवती केसासारखी बारीक चीर आहे का ते उजेडात बघा. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले की अशी चीर पडते. चीर गेलेली क्लीट दिसायला नवी असली तरी वापरायची नाही.

शेवटी भिंतीला धरून सायकलवर बसा आणि क्लिप लावा, म्हणजे क्लीट पेडलमध्ये अडकवा. टाच डावी-उजवीकडे थोडी हलली तर ती झीज नव्हे. तो फ्लोट, मुद्दामच ठेवलेला. शिमानोत पिवळ्या क्लीटला 6 अंश, निळीला 2 आणि लाल क्लीटला 0. पण बूट पेडलवर मागे-पुढे सरकत असेल, पायाखाली डगमगत असेल, किंवा निघताना नेहमीचा 'खट्' आवाजच येत नसेल, तर ती झीज आहे. टाचेकडचा एकच कोपरा घासून गेला की तळपाय त्या बाजूला कलतो. मग दोन तासांनी गुडघा बोलायला लागतो आणि माणूस सीटची उंची बदलत बसतो. गुडघा नव्यानं दुखू लागला असेल तर सीटला हात लावण्याआधी क्लीट तपासा, ते फुकटात होतं.

नवी घेताना

रंगावर जाऊ नका. शिमानोची लाल क्लीट अजिबात न हलणारी, तर लूक केओची लाल सगळ्यात जास्त हलणारी, 9 अंशांची. केओत करडी 4.5 अंश आणि काळी 0. "मित्राकडे लाल आहे, मलाही लाल" असं म्हणून घेतलेली क्लीट गुडघ्याला महागात पडू शकते. दोन्ही कंपन्यांच्या क्लीट्स एकमेकींच्या पेडलला चालत नाहीत, आणि लूकच्या जुन्या डेल्टा क्लीट्स केओच्या पेडलमध्ये बसत नाहीत. लूकची मूळ कंपनी स्कीइंगच्या बाइंडिंग बनवणारी. त्यांनी 1984 मध्ये क्लीट अडकवायचं रोडचं पेडल आणलं आणि 1985 मध्ये फ्रेंच सायकलपटू बर्नार इनो तेच वापरून टूर द फ्रान्स जिंकला. तेव्हापासून रोडची क्लीट बहुतेक तीन बोल्टची, बाहेर आलेली, चालायला अवघड अशीच राहिली आहे. शर्यतीसाठी बनलेली वस्तू आहे, मिसळ खायला जाण्यासाठी नव्हे.

केओ घेणार असाल तर 'ग्रिप' प्रकार घ्या. त्यावर रबराचे तुकडे असतात, फरशीवर पाय घसरत नाही. ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या नकली क्लीट्सच्या वाटेला मी जात नाही. प्लास्टिकचं एक वेळ चालून जाईल, पण त्यांच्यासोबत येणाऱ्या बोल्टची डोकी इतकी मऊ असतात की दुसऱ्यांदा पाना लावला की आतला षट्कोन गोल होतो.

शिमानो आणि केओच्या क्लीट्सना डावी-उजवी नसते, दोन्ही सारख्याच. त्यामुळे माझी पद्धत अशी: एक जोड घ्यायचा, त्यातली एक डाव्या बुटाला लावायची आणि दुसरी पुढच्या खेपेसाठी ठेवायची. उजवीची कड नखाला अजून नीट अडत असेल तरच हं. तिचीही कड गोल झाली असेल तर दोन्ही एकदम बदला, एक पाय उंच आणि एक बुटका ठेवून चालवू नका.

बदलताना

जुनी क्लीट काढण्याआधी फोटो काढा. मग पांढऱ्या किंवा चंदेरी मार्करनं तिच्या कडेनं बुटाच्या तळावर रेघ ओढा. नाक झिजलं असेल तर पुढची रेघ फसवते, म्हणून दोन्ही बाजूंच्या कडांवर आणि वॉशरच्या ठशांवर जास्त भरवसा ठेवा. नवी क्लीट बसवून झाली की तिच्याभोवती ताजी रेघ मारून ठेवली, तर पुढच्या वेळी हा प्रश्नच येत नाही.

आता बोल्ट. इथे घाई केली की संध्याकाळ गेलीच. बोल्टच्या डोक्यातल्या खाचेत माती आणि डांबराचा चुरा ठासून भरलेला असतो. पाना वरवरच बसतो, जोर लावला की खाच गोल होते. आधी टाचणीनं किंवा दाभणानं खाच तळापर्यंत कोरून साफ करा, जुन्या टूथब्रशनं घासा, आणि बोल्ट गंजलेला दिसत असेल तर तेलाचा थेंब टाकून रात्रभर राहू द्या. मग 4 मिमीची ॲलन की पूर्ण आत बसवून, वरून हातानं दाबत फिरवा. की जुनी होऊन तिच्या कडा गेल्या असतील तर नवी घ्या. खाच गोल झालीच तर जरा मोठा टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) हलक्या हातोडीनं ठोकून बसवायचा आणि फिरवायचा. तोही फिरला तर बोल्टचं डोकं ड्रिलनं उडवावं लागतं. कार्बनच्या तळाच्या बुटावर ते घरी करू नका, दुकानात न्या.

तळ पुसून कोरडा करा. क्लीटखाली वाळूचा एक कण राहिला तरी ती सपाट बसत नाही. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. आट्यांनाच, क्लीट आणि तळ यांच्यामध्ये नको, नाहीतर क्लीट सरकेल. तिन्ही बोल्ट आधी हातानं लावा, रेघेवर क्लीट जुळवा, आणि मग एकेकाला थोडं थोडं आळीपाळीनं आवळत न्या. शेवटचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, 5 ते 6 न्यूटन-मीटर. टॉर्कचा पाना नसेल तर लहान की चिमटीत धरून मनगटाच्या जोरानं घट्ट करा आणि थांबा. लांब दांड्यावर भार देऊन आवळू नका, बोल्टभोवतीच्या त्या चिरा तशाच पडतात.

नवी क्लीट पेडलमध्ये घट्ट वाटते. पाय पटकन सुटत नाही, सवय असलेला माणूसही आडवा होतो. पेडलवरच्या छोट्या स्क्रूनं स्प्रिंगचा ताण दोन-चार खटके सैल करा, दोन्ही पेडलला सारखा. भिंतीला धरून दहा-वीस वेळा लावा-काढा, मगच रस्त्यावर. पहिली राइड झाली की बोल्ट पुन्हा तपासा. क्लीट दबून बसते आणि बोल्ट थोडे ढिले पडतात.

बोल्ट पडला तर

हे सगळ्यात धोक्याचं, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तीनपैकी दोन बोल्ट सैल झाले किंवा पडले की क्लीट एका बोल्टभोवती फिरायला लागते. तुम्ही टाच बाहेर वळवता, बूट वळतो, पण क्लीट पेडलमध्ये तशीच राहते. पाय निघतच नाही. कितीही जोरात वळवा, नाही म्हणजे नाही. हे नेमकं सिग्नलजवळ येताना कळतं. अशा वेळी त्या पायाशी झटापट करू नका. दुसरा पाय काढा, त्या बाजूला तोल द्या आणि त्याच पायावर उतरा. मग अडकलेल्या बुटाची डायल किंवा पट्टा सोडून पाय बुटातून बाहेर घ्या आणि रिकामा बूट हातानं पेडलवरून काढा. दोन्ही पायांना सवय हवी ती यासाठी. आपल्यातले बरेच जण फक्त डावाच पाय काढतात. महिन्यातून एखाद्या मोकळ्या सकाळी उजवा काढत चला, त्यानं डावी क्लीटही जरा जास्त टिकते.

सीटखालच्या बॅगेत क्लीटचा एक जादा बोल्ट आणि वॉशर ठेवा. वजन नगण्य.

जास्त टिकवायच्या तर

रबरी कव्हर घ्या आणि जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा. घरी कपाटात नव्हे, खिशात. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते. कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या हजेरीच्या ठिकाणी, एटीएमची पावती काढायला किंवा पंपावर शिक्का घ्यायला उतरलं की कव्हर चढवायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटानं कुणाची ब्रेव्हे हुकत नाही. कव्हरच्या आत खडी अडकली तर तीच क्लीट घासते, म्हणून अधूनमधून झटका.

कव्हर नसेल तेव्हा टाचेवर चाला, आणि उभ्या जागी पाय वळवू नका. गप्पा मारताना एका पायावर भार देऊन चवड्यावर गिरकी घ्यायची सवय असते ना, ती सरळ चालण्याहून वाईट. सिग्नलला पाय टेकवताना टाच टेकवा. सिंहगडाच्या वाहनतळावर पोचल्यावर इकडेतिकडे फिरायचं असेल तर बूट काढून मोज्यांवर फिरा, कुणी बघत नाही.

पावसाळ्यात बोपदेव किंवा पसरणी घाटात रस्त्यावर आलेला चिखल क्लीट आणि पेडलच्या मध्ये बसतो आणि पॉलिश पेपरचं काम करतो. क्लिप लावण्याआधी बाटलीतलं पाणी मारून चिखल काढा, बूट पेडलवर आपटून काढू नका. घरी आल्यावर बूट उलटे करून वाळवा आणि बोल्टच्या डोक्यांवर तेलाचा एकेक थेंब सोडा. कुरकुर आवाज येत असेल तर क्लीट धुऊन कोरडी करा आणि पेडलला टेकणाऱ्या जागांवर मेणबत्ती घासा. तेल नको, त्यावर धूळ बसते. मेण घासूनही आवाज राहिला तर पेडलचा वरचा भाग बघा. ज्या पेडलवर स्टीलची पट्टी नसते तिथे क्लीटनं खड्डा पाडलेला असतो, आणि अशा पेडलवर नवी क्लीटही डगमगते.

आणि खरं सांगायचं तर, तुमची राइड म्हणजे निम्मी सायकल आणि निम्मी नाश्त्याची शोधाशोध असेल, घाटात फोटोसाठी उतरणं असेल, ऑफिसला जिने चढणं असेल, तर तीन बोल्टचा नाद सोडा. शिमानोची दोन बोल्टची एसपीडी 1990 पासून आहे. ती क्लीट पोलादाची, छोटी, आणि तिचे बूट घेतलेत तर तळाच्या रबरात खोल बसलेली. चालताना जमिनीला जेमतेम लागते आणि प्लास्टिकच्या कित्येक जोडांना पुरून उरते. "रोड सायकलला माउंटन बाइकचे बूट?" असं विचारणारे भेटतील. त्यांच्याही डाव्या बुटाचा तळ एकदा बघून घ्या.