शॉवरच्या टाइल्स लावण्याआधी पाणी भरून ठेवा

टाइल्सच्या दुकानात पाऊल टाकण्याआधीच एक ठरवून टाका: पहिली टाइल लागण्यापूर्वी, खाली गळतं का ते बघायला, बाथरूममध्ये दोन दिवस पाणी भरून ठेवायचं. मिस्त्रीशी पैशांचं बोलणं होतं तेव्हाच हे बोला. मागच्या वेळी मी एवढंच केलं नाही. डोंबिवलीतलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, गणपती तोंडावर आलेले. मिस्त्री म्हणाला, “वॉटरप्रूफिंग कोटिंगचे दोन हात मारलेत, काही होत नाही,” आणि मी हो म्हटलं. महिन्याभरात खालच्या काकूंच्या छताला ओल आली. नव्याकोऱ्या टाइल्स फोडाव्या लागल्या, वर काकूंचं छत रंगवून दिलं ते वेगळंच.

आता टाइल. जमिनीला मॅट आणि खरखरीतच घ्या. दुकानात तिच्यावर पाणी शिंपडून अनवाणी उभं राहून बघा, लाजू नका. माप एक बाय एक फूट पुरे. मोठ्या टाइलला पाणी जायच्या जाळीकडे चारी बाजूंनी ढाळ देता येत नाही, मग कोपऱ्यात पाणी साचतं. भिंतीला चकचकीत चालेल. रंग तुमचा तुम्ही बघा. टेम्पोतून माल उतरतानाच प्रत्येक खोक्यावरचा बॅच नंबर आणि शेड जुळते का ते तपासा, आणि मापापेक्षा १० टक्के जास्त मागवा.

व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल घेतलीत तर अॅडेसिव्हच, म्हणजे टाइल चिकटवायचा मसालाच वापरा. ती टाइल जेमतेम ०.५ टक्का पाणी शोषते, त्यामुळे साधं सिमेंट तिला नीट धरत नाही आणि पुढे ती पोकळ वाजायला लागते. साधी सिरॅमिक मात्र पाण्यात भिजवून सिमेंटवर बसते. “आम्ही वर्षानुवर्षं सगळं सिमेंटवरच लावतो,” असं मिस्त्री म्हणेल. ऐकू नका.

सोसायटीची परवानगी, डेब्रिजच्या गोणी, हे आलंच. जुनी लादी उखडली की खालचं वॉटरप्रूफिंगही गेलं असं धरूनच चाला. भिंतीतले पाइप बुजवण्याआधी प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या आणि पाइपांशेजारी टेप धरून फोटो काढा. उद्या टॉवेलचा रॉड लावताना ड्रिल कुठे मारायचं नाही ते कळेल. कोपऱ्यांत वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई मारून घ्या, नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतलं पाणी जायचं तोंड) गळ्याभोवती कोटिंगखालची कापडी जाळी बसवा. गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते, आमची तिथूनच झाली. मग कोटिंगचा एक हात उभा, वाळल्यावर दुसरा आडवा. शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वरपर्यंत.

कोटिंग पूर्ण वाळलं की पाणी. ट्रॅपमध्ये घट्ट बोळा, दाराशी बांध, तीन-चार इंच पाणी, भिंतीवर पेन्सिलची खूण, आणि ४८ तास. एका रात्रीत भागत नाही. स्लॅबमधून ओल खाली उतरायला वेळ लागतो. सूतभर पाणी हवेतच उडेल, त्याने घाबरू नका. पण दोन्ही दिवस स्वतः खाली जा, छताला हात लावून बघा, नुसतं फोनवर विचारू नका. ओल दिसली तर दुरुस्ती करून पुन्हा पाणी भरा, पुन्हा ४८ तास. मिस्त्री दोन दिवसांची मजुरी मागेल, द्या. पाहुणे येणार असतील तर त्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा. पाणी भरल्याशिवाय एकही टाइल लावू देऊ नका.

पुढचं भराभर. ढाळ चार फुटांना एक इंच, गोटी सोडून बघा, ती जाळीकडेच गेली पाहिजे. सांध्यांत २ मिमीचे स्पेसर. प्रत्येक टाइल नाण्याने वाजवा, पोकळ लागली तर ओली असतानाच काढायला लावा. दुसऱ्या दिवशी सांध्यांत एपॉक्सी ग्राउट भरा, पांढरं सिमेंट नको. कोपऱ्यांना सिलिकॉन. उरलेल्या टाइल्स बॅच नंबरच्या खोक्यासकट माळ्यावर ठेवा.