हातउसने दिलेत? मग तारीख बघा, नोटिशीच्या भरवशावर राहू नका

पहिलं काम, पैसे कोणत्या तारखेला दिले ते शोधा. पासबुक काढा, फोनपेची हिस्ट्री बघा, काहीही करा. कारण हातउसन्या पैशाच्या दिवाणी दाव्याला मुदत 3 वर्ष, आणि परत द्यायची तारीख ठरली नसेल तर ती मोजायची पैसे दिले त्या दिवसापासून, घेणाऱ्याने हात वर केले तेव्हापासून नाही. इथंच गडबड होते. समजा 10 जून 2023 ला 2 लाख दिले, तर 10 जून 2026 पर्यंत दावा कोर्टात दाखल झाला पाहिजे. मधे चार नोटिसा पाठवा नाहीतर पन्नास फोन करा, मुदत एक दिवसही वाढत नाही. समोरचा 'ऊस गेला की देतो', 'दिवाळीनंतर बघू' म्हणत राहतो आणि आपण भिडेपोटी गप्प, त्यात नात्यातला असेल तर विचारूच नका.

मुदत वाढते ती कागदाने. 3 वर्ष संपायच्या आत साध्या कागदावर 'अमुक इतके देणं आहे' असं लिहून तारीख-सही घ्या, की सहीच्या दिवसापासून नवीन 3 वर्ष सुरू. किंवा थोडे पैसे घ्या पण चेकने, म्हणजे त्याच्या सहीचा पुरावा राहतो. मुदत उलटल्यावर मात्र नुसतं 'देणं आहे' चालत नाही, 'मी हे पैसे देईन' असं सरळ लेखी वचन सहीसकट लागतं.

उशीर माफीचा अर्ज टाकू म्हणाल तर ते अपिलाला चालतं, नव्या दाव्याला नाही. आणि समोरच्या वकिलाने मुद्दा काढला नाही तरी मुदतीबाहेरचा दावा कोर्टाला फेटाळावाच लागतो, 1963 च्या मुदत कायद्याचं कलम 3 आहे ते.

जमीन-घराच्या व्यवहारालाही अशीच मुदत असते. साठेखत (पुढे विकण्याचा करार) करून समोरचा खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त) देत नसेल तर ठरलेल्या तारखेपासून 3 वर्ष, तारीखच लिहिली नसेल तर त्याचा नकार तुम्हाला कळला तेव्हापासून. लोक कुठेतरी '12 वर्ष' ऐकतात आणि निवांत बसतात, अहो ते मालकीहक्कावरून ताबा मागायला!

शेवटचा दिवस रविवारी किंवा मे च्या सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं चालतं. पण वकीलपत्र, कोर्ट फी, झेरॉक्स यातच आठवडा जातो, म्हणून दोन-तीन महिने हातात ठेवूनच वकील गाठा आणि तारखांची यादी आधीच लिहून न्या.