पहिल्यांदाच घर भाड्याने देताय? मग हे आधी करा

भाडेकरू मिळाला की काम संपलं असं वाटतं, पण खरं काम तिथूनच सुरू होतं. चावी द्यायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, प्रत्येक खोली, भिंतींचे कोपरे, सिंकखालचा पाइप, बाथरूमच्या टाइल्स, मीटरचं रीडिंग सगळं, आणि तो भाडेकरूलाही पाठवून ठेवा. पुढे डिपॉझिटवरून वाद झाला तर हाच पुरावा कामाला येतो. आणि हो, वापराने रंग फिका पडणं वेगळं आणि दार तुटणं वेगळं, रंगाचे पैसे कापू नका, ते बरोबर नाही.

माणूस निवडताना त्याच्या आत्ताच्या घरमालकाला विचाराच, पण त्याच्या आधीच्यालाही फोन करा, कारण आत्ताच्याला कधीकधी भाडेकरू लवकर जायला हवा असतो, मग तो गोडच बोलतो.

करार लेखीच हवा. भाडं कुठल्या तारखेला, उशीर झाला तर काय, छोट्या दुरुस्त्या कोणी करायच्या, नोटीस किती दिवसांची, सगळं त्यात यायला हवं.

गळतीचा फोन आला की लगेच माणूस पाठवा, आठवडाभर ढकललं तर नळाचं काम भिंतीवर जातं. पाण्याचा मेन वॉल्व कुठे आहे ते भाडेकरूला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.

घर तुमचं असलं तरी राहतायत ते लोक, त्यामुळे न सांगता जाऊन दार वाजवायचं नाही. आणि सगळं भाडं खर्चून टाकू नका, घर महिना-दोन महिने रिकामं राहिलं तरी हप्ता भरावाच लागतो.