डीव्हीडीत गुरुजींचा आवाज का गेला?

नागपुरात सीताबर्डीतल्या एका फोटो-व्हिडिओच्या दुकानात मी कामाला लागले, तेव्हा लग्नाच्या फाइल्सच्या डीव्हीडी करून देणं हे सोपं काम समजून माझ्याकडे आलं. महिन्याभरात महाल भागातल्या एक काकू डिस्क परत घेऊन आल्या. "पोरी, बँड ऐकू येतो, बायकांचा गलका येतो, पण मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींचा आवाजच नाही. ओठ तेवढे हलतात." मी हेडफोन लावला, तर गुरुजी ऐकू येत होते. म्हणून आवाज वाढवून नवी डिस्क दिली. तीही परत आली.

मग मालकांनी, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, एकाच स्पीकरच्या जुन्या टीव्हीला प्लेअर जोडला. गुरुजी गायब! भाऊंनी एडिटिंगमध्ये गुरुजींचा ट्रॅक मोठा करून दाखवला. डाव्या चॅनेलची लाट जिथे वर जाते, नेमकी तिथेच उजव्याची खाली. मांडवातल्या मिक्सरची बॅलन्स्ड लाइन, म्हणजे एकच आवाज एका तारेत सुलट आणि दुसरीत उलट नेणारी जोडणी, चुकीच्या वायरने स्टिरिओ रेकॉर्डरमध्ये घेतली होती. हेडफोनमध्ये दोन्ही चॅनेल वेगवेगळे राहतात, एका स्पीकरमध्ये त्यांची बेरीज होऊन उत्तर शून्य येतं. बँड आणि गलका कॅमेऱ्याच्या माइकवरून आलेला, म्हणून तो वाचला. आम्ही डावा चॅनेल तेवढा ठेवला आणि तोच उजवीकडे कॉपी केला. काकूंना त्याच टीव्हीवर लावून दाखवलं. "शुभ मंगल सावधान" आलं आणि त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा लाव."

नव्याने शिकणाऱ्यांना म्हणूनच सांगते, आवाज वाढवायला लगेच हात घालू नका. आधी मूळ फाइल ऐका, मग कन्व्हर्ट झालेली, मग डिस्क. आवाज कुठल्या टप्प्यावर बिघडला ते कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती वाया जाते. मूळ रेकॉर्डिंगच फाटलेलं असेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर ते पूर्ण सांधत नाही. ग्राहकाला ते आधीच सांगावं.

बाकी गोष्टी सेटिंगच्या. डीव्हीडीचा आवाज ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या ४८ हजार नमुन्यांवर चालतो, गाण्यांच्या सीडीचा ४४.१ वर. त्यामुळे वरून टाकलेलं गाणं नीट रीसॅम्पल करून, म्हणजे त्याचे नमुने ४८ च्या हिशेबाने नव्याने काढून घ्या. नुसता आकडा बदलला तर ते जवळपास ९ टक्के जलद आणि चिरकं वाजतं. एमपी३ किंवा एएसी डीव्हीडी-व्हिडिओत चालत नाही. आम्ही एसी-३ हा डॉल्बीचा, आवाज दाबून फाइल लहान करणारा प्रकार वापरतो, स्टिरिओला २५६ केबीपीएस. भाषण किंवा शास्त्रीय गायन असेल आणि डिस्कवर जागा असेल, तर सरळ पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज ठेवतो.

मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो बऱ्याचदा कमीजास्त होत राहतो. तो आधी स्थिर २५ वर आणा, नाहीतर सुरुवातीला जुळलेले ओठ आणि शब्द शेवटी सुटतात. म्हणून तपासताना पहिली दोन मिनिटं बघून थांबू नका, शेवटचा निरोपसमारंभ जरूर बघा.

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप मी घेत नाही. तिथे आवाज आधीच एकदा दाबलेला असतो, वर आपण पुन्हा दाबतो. मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणायला सांगते, ग्राहकाला आणखी एक चक्कर पडली तरी. चाचणीची प्रत मी आधी पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर काढते आणि भाऊंच्या त्या जुन्या टीव्हीवर ऐकते.